भरतीला उघाडी

रोह्याच्या विद्यापीठ उपकेंद्रात, ग्रंथालयाच्या मागल्या खोलीत अंतरा दिघे बसते. विद्यापीठाची सात संशोधन-नियतकालिकं तिथून निघतात. लेखकाकडून फी नाही, वाचणाऱ्याकडून वर्गणी नाही. फोन उघडा, लेख वाचा. बाजारात कुणी विचारलं की संवाद ठरलेला.

"मंग तुमी इकता काय?"

"काहीच नाही."

"मंग दिवसभर करता काय?"

करते बरंच. आलेला लेख दोन जाणकारांकडे तपासायला पाठवायचा, त्यांच्या मागे लागायचं, मांडणी करायची. शिवाय प्रत्येक इंग्रजी लेखाला दहा ओळींचा सोपा मराठी सारांश लिहायचा. हे कुठल्या नियमात नाही, अंतराचा हट्ट आहे. ज्याच्या शेतावर अभ्यास झाला, त्याला तो वाचता यायला नको?

पण यंदा आषाढात समिती यायची होती, सोमवारी. ही सेवा विद्यापीठानं ठेवायची की बाहेरच्या कंपनीला द्यायची, ते ठरणार होतं. कंपनीकडे गेली की लेखांना कुलूप. बारा वर्षांचं काम त्या कुलपाआड जाणार.

आणि शुक्रवारी सकाळी फोन वाजला.

"मी गडबचा पोपट म्हात्रे. खारजमिनीवरच्या त्या दहा ओळी तूच लिवल्यास का गो बाय?"

"हो, मीच."

"खाडी बगितलीस का कदी?"

अंतरानं सारांश उघडला. 'शेतातलं खारट पाणी काढण्यासाठी भरतीच्या वेळी उघाडी उघडावी.' उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं झडपेचं दार.

"भरतीला दार उगाडलं तं खाडी थेट घरात येल, चाय प्याया!" पोपटदादा तापले होते. "ओहोटीला उगाडतात ती. बुधवारी अवसेचं उधाण हाय, नि आमच्या गुरूपवर तुजा कागद फिरतोय. म्हातारी हसतात. पन कंपनी सोडून शेती कराया आलेली पोरं खरं मानतील, त्याचं काय?"

तिनं मूळ लेख पाहिला. लेखकानं बरोबर लिहिलं होतं. चूक तिच्याच दहा ओळींत होती.

संपादक माधवराव पेणला राहतात, शेतकी कॉलेजातून निवृत्त. ते फोनवर म्हणाले, "गुपचूप शब्द बदल. सोमवार जाऊ दे."

"सर, ज्यांच्या फोनात उतरलाय, त्यांच्याकडचा शब्द कोण बदलणार?"

"अगं, समितीला आयतं कारण देतेस! म्हणतील, बाई नको तो सारांश लिहिते आणि तोही उलटा."

"म्हणू देत."

दुपारी ती गडबला उतरली. पोपटदादांनी आधी चपला काढायला लावल्या, मग चिखलातून बांधावर नेलं. ओहोटी लागली होती. त्यांनी झडप उचलली आणि शेतातलं गढूळ पाणी खाडीकडे धावत सुटलं. अंतरानं ते फोनवर टिपलं, त्यात पोपटदादांचा आवाज घेतला आणि बांधावरूनच त्यांच्या ग्रुपवर पाठवून दिलं.

संध्याकाळी नियतकालिकाच्या पहिल्या पानावर, तारखेसकट, चौकट झळकली : 'दुरुस्ती. सारांशातली चूक सारांश लिहिणाऱ्या अंतरा दिघे यांची. दाखवून देणारे : पोपट म्हात्रे, शेतकरी, गडब.'

सोमवारी समितीचे अध्यक्ष हैबतराव त्या चौकटीवरच थांबले. माधवरावांनी खिडकीबाहेर बघायला घेतलं.

"स्वतःची चूक कुणी दारावर टांगतं का, बाई?"

"छापून आलेलं मुकाट्यानं बदलायचं नाही, हा आपला नियम आहे, सर."

"आणि हे म्हात्रे प्राध्यापक कुठले?"

"प्राध्यापक नाहीत. भात लावतात."

"मग लेख त्यांच्यापर्यंत पोचला कसा?"

"फोनवरून. कुलूप नव्हतं ना."

हैबतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मी पंधरा लेख लिहिले आयुष्यात. एकाही शेतकऱ्यानं मला असं झापलं नाही," ते हळूच म्हणाले. थोडा हेवाच होता आवाजात.

आठवड्यानं पत्र आलं : सेवा तीन वर्षं विद्यापीठाकडेच; सारांश चालू ठेवावेत, मात्र छापण्यापूर्वी तपासून घ्यावेत.

अंतरानं गडबला फोन लावला. उधाण येऊन गेलं होतं, बांध शाबूत होता.

"दादा, पुढचा सारांश वालाच्या बियाण्यावर आहे. छापायच्या आधी वाचून दाखवू?"

"थांब," पोपटदादा म्हणाले, "हात धुतो. मंग वाच. नि सावकाश वाच गो."