आपल्यातले निघाले

बारावीच्या गणितात पहिलाच धडा संबंधांचा असतो, आणि त्या धड्यातच निम्मा वर्ग माझ्या हातून निसटतो. पुढची अवघड प्रकरणं हीच मुलं हसतखेळत करतात. संबंधांत मात्र अडकतात. नाती म्हणजे काय ते आपण घरी शिकलोय, असा त्यांचा पक्का समज असतो, आणि घरी शिकवलेलं धड्याच्या बरोबर उलट असतं.

म्हणून मी पुस्तक मिटून गल्लीतली उदाहरणं देते. प्रत्येक जण स्वतःशी त्या नात्यात असेल तर ते रिफ्लेक्सिव्ह. 'अ'चं 'ब'शी आहे तेच 'ब'चं 'अ'शी असेल तर सिमेट्रिक. 'अ'चं 'ब'शी, 'ब'चं 'क'शी, म्हणून 'अ'चं 'क'शी, ही साखळी कुठेच तुटत नसेल तर ट्रान्झिटिव्ह. एका गल्लीत राहणं तिन्हींत पास होतं. ओळख असणं तिसऱ्यात गचकतं, कारण माझ्या ओळखीच्यांच्या ओळखीचा माणूस रस्त्यात भेटला तर मी त्याला ओळखणारही नाही. आणि ज्या संबंधात तिन्ही गुण असतात तो सगळ्या संचाचे स्वच्छ कप्पे पाडतो, सकाळच्या कचऱ्याच्या गाडीसारखे. जे गीला ते सूखा नाही, आणि कप्प्याबाहेर काही उरत नाही. हे उदाहरण दिलं की इंदूरची मुलं लगेच मान डोलावतात.

माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, मी हा धडा कधी शिकवू शकले नाही. त्याच्याकडे स्वतःचा एक संबंध आहे, त्याचं नाव 'आपल्यातले'. आमचे खापरपणजोबा दरबारच्या दफ्तरात होते, या एका गोष्टीवर दादा साठ वर्षं ताठ मानेने जगला. ते दफ्तरात काय करायचे, तर घोड्यांना रोज किती वैरण घालायची ते लिहायचे. पण दादा 'दफ्तर' हा शब्द असा उच्चारतो की ऐकणाऱ्याला वाटावं, अर्धा माळवा यांच्याच टाकाच्या टोकावर चालत होता.

'आपल्यातले' मी तपासून पाहिलं आहे. रिफ्लेक्सिव्ह आहे, दादा अष्टौप्रहर स्वतःच्यातला असतो. सिमेट्रिक नाही. पुण्याचे चुलत काका दादाला आपल्यातले वाटतात; पुण्याच्या काकांना मात्र आम्ही 'ते इंदूरकडचे', ज्यांचं मराठी ऐकून जेवणाच्या पंगतीत हसायचं. ट्रान्झिटिव्ह तर सोयीनुसार. वहिनी आपल्यातली, पण तिचा सख्खा भाऊ नाही, कारण मल्हारगंजात त्याचं नमकीनचं दुकान आहे आणि त्याच्या आजोबांनी हातगाडीवर सेव विकली होती. त्याच दुकानातली लौंग सेव दादाच्या डब्यात बारा महिने असते. सेव आपल्यातली.

अशा घरात माझ्या भाचीने, दादाच्या एकुलत्या एका मुलीने, जेवताना सांगितलं की तिला ऑफिसातल्या एका मुलाशी लग्न करायचं आहे. मुलगा मराठी, इंदूरचाच, घर कृष्णपुऱ्यात. आडनाव ऐकताच दादाने घास खाली ठेवला.

"बेटा, हे तो फौजेकडचे लोक आहेत. घोड्यावर बसणारे. आपण दफ्तरवाले."

"बाबा, तो स्कूटीवर बसतो," भाची म्हणाली.

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. नंतर स्वयंपाकघरात ती मला म्हणाली, "आत्या, मी लग्न त्याच्याशीच करणार. पण बाबा मंडपात नसतील तर मला ते लग्न नकोच. लहानपणापासून ते म्हणतात ना, तुझा हात मी माझ्या हाताने देणार. तेवढं तो मला पाहिजेच." लॅपटॉपवर जगणारी मुलगी, पण हे सांगताना तिचे डोळे भरले. तेव्हा मी दादाला वठणीवर आणायचं मनावर घेतलं.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी मल्हारगंजातून काकूला बोलावून घेतलं. आमच्या काकूला सगळ्या इंदूर-देवासची नाती तोंडपाठ आहेत. कोण कुणाची नणंद हे ती झोपेतही सांगेल. मुलाचं घराणं कसंतरी आपल्यात बसव, एवढंच मी तिला सांगितलं. काकू सोफ्यावर मांडी घालून बसली आणि फोन लावत सुटली. मुलाची आजी देवासच्या कुणाची तरी भाची निघाली. ती देवासची मंडळी आमच्या मोठ्या आजीच्या माहेरची. दर फोनला दादाचा चेहरा थोडा उजळायचा. "मतलब लांबचे का होईना, आहेत तर," तो म्हणायला लागला.

तिथेच थांबायला हवं होतं. पण दादाला चव लागली होती. "काकू, और देखो ना, मूळ गाव कोणतं यांचं?"

काकूने मुलाच्या चुलत आजोबांना गाठलं. फोन स्पीकरवर होता. त्यांचं मूळ गाव आमचंच. कुलदैवत आमचंच. त्यांच्याकडे सांगतात की आठ पिढ्यांमागे दोन सख्खे भाऊ माळव्यात आले. एक फौजेत गेला आणि इनाम मिळालेल्या गावाच्या नावावरून आडनाव लावू लागला, दुसरा दफ्तरात राहिला. आमच्याकडेही हीच गोष्ट सांगतात, फक्त आमच्या गोष्टीत फौजेतला भाऊ वाटेत कुठेतरी हरवतो.

दादा उभाच राहिला. "सख्खे भाऊ! अरे, ये तो आपल्यातलेच निघाले!" लगेच पोहे आणि जलेबी आली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना घोडेवाले म्हणून नाकं मुरडली, त्यांच्या पराक्रमाच्या कथा दादा दुसरी जलेबी संपायच्या आत सांगायला लागला. भाचीने धावत जाऊन बापाच्या गळ्यात हात टाकले. मी मधेच म्हटलं, "दादा, सख्खे भाऊ म्हणजे मग..." तर तो म्हणाला, "तू बीच में गणित मत ला." मी जलेबी घेतली.

मुहूर्त काढायला आलेल्या गुरुजींनी पहिलाच प्रश्न विचारला. "मुलीचं गोत्र?" दादाने ऐटीत सांगितलं. "आणि मुलाचं?" दादा त्याच ऐटीत पुन्हा तेच गोत्र सांगून बसला.

आता गोत्र हा माझ्या धड्यातला सगळ्यात देखणा संबंध. तिन्ही परीक्षा पास, कप्पे एकदम पक्के. आणि लग्नाची अट एकच, दोघं वेगवेगळ्या कप्प्यांतली हवीत. मुलगा आपला ठरावा म्हणून माझ्या भावाने इतकी मेहनत घेतली की तो भाचीचा भाऊच ठरला. स्वतःच्या हाताने त्याला आपल्या कप्प्यात ओढून वरून झाकण लावलं. माझ्या वर्गातलं ढ पोरगंही इतकी परिपूर्ण चूक करत नाही.

"मग आम्ही कोर्टात करतो," भाची थंडपणे म्हणाली. "तुम्ही या, बाबा."

"दफ्तरवाल्यांची मुलगी कोर्टात?" दादाचा आवाज चिरकला.

गुरुजी अनुभवी होते. त्यांनी पान लावत उपाय सांगितला. असं झालं की मुलगी विधीपुरती मामाला दत्तक द्यायची. मुलीचं गोत्र मामाचं होतं, प्रश्न मिटतो. चालत आलेली रीत आहे. कन्यादान अर्थात मामा-मामी करतील.

दादा त्या 'अर्थात'लाच अडला. एकीकडे कोर्ट, दुसरीकडे सेववाला मेव्हणा. भाची त्याच्याकडे बघत होती. शेवटी त्यानेच फोन लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मेव्हण्याला 'जी' लावून बोलला. पलीकडून मामाचा मोकळा आवाज आला, "अरे भिया, इसमें क्या टेन्शन! घेतो ना दत्तक. मुलगी तो आमचीच आहे. दुकान त्या दिवशी बंद ठेवतो."

लग्नाच्या सकाळी दत्तकविधी झाला. आणि माझ्या डोक्याने सवयीने नवे संबंध मांडले. मामा बाप झाला. म्हणजे वहिनी, जिने तिला जन्म दिला, ती झाली आत्या. आत्याचा नवरा तो आतोबा, म्हणजे दादा. आणि मी? आतोबांची बहीण. त्या नात्याला मराठीत शब्दच नाही. भावावर हसता हसता मी स्वतःच संचातून बाहेर पडले होते, आणि ते मला चांगलंच झोंबलं.

हॉल भरला होता. दादा नवा फेटा बांधून तिसऱ्या रांगेत बसला होता. गुरुजींनी माईकवर घाईत पुकारलं, "मुलीचे वडील, चला लवकर!" दादा उठला. उपरणं सावरलं आणि चालू लागला. गुरुजींनी वर पाहिलं. "अहो, तुम्ही नाही! ते, ते नमकीनवाले!" हॉलमध्ये हशा पिकला. मामाच्या दुकानातली मंडळी तर टाळ्याच वाजवायला लागली. दादा आला तसा मागे गेला आणि खुर्चीवर बसला.

मग कन्यादानाचा संकल्प सुरू झाला. त्यात मुलीच्या तीन पिढ्या मोठ्याने सांगतात, अमक्याची पणती, तमक्याची नात, आणि अमक्याची मुलगी. गुरुजींनी माईक जवळ ओढला आणि मामाच्या आजोबांचं, हातगाडीवर सेव विकणाऱ्यांचं नाव घेतलं. मग मामाच्या वडिलांचं, मग मामाचं. रीतीप्रमाणे तीन वेळा. खणखणीत.

मी हे सगळं बघायला आणि मनातल्या मनात हसायला पुढची खुर्ची धरून बसले होते. हसू आलं नाही. मागे वळून पाहिलं तर दादाचे ओठ हलत होते. गुरुजी एक नाव घेत आणि त्याच जागी दादा आपल्याकडचं नाव घेत होता, आमच्या आजोबांचं, आमच्या वडिलांचं, आणि मग स्वतःचं. माईकपुढे त्याचा आवाज शेजारच्या माणसालाही ऐकू जात नव्हता. भाचीचा हात मामाच्या हातात होता, आणि ती दादाच्या ओठांकडे बघत होती.