सहा वर्षं वाढलेलं ताट

धायरी तेव्हा अजून गावच होती. चैत्रातल्या हळदीकुंकवाला महिला मंडळात भजन व्हायचं. त्या वर्षी मी, शिकलेली सून, नको तो शहाणपणा केला आणि एकपात्री लिहिलं. थोरल्या भावामागे धाकटा वनवासाला गेला, त्याची बायको मात्र महालातच राहिली. चौदा वर्षं तिचं काय झालं, हे कुणी विचारलं का? मी विचारणार होते.

पण तिचे दिवस भरायला माझ्यापाशी काय होतं? ते मी सासूबाईंकडून उचललं. एकदा तांदूळ निवडताना त्या बोलल्या होत्या. लग्नाच्या वर्षीच सासरे थोरल्या भावामागे गुजरातेत वखारीवर गेले, ते सहा वर्षं. घरात रोज त्यांचं ताट वाढून ठेवायचे, आणि सगळ्यांचं झालं की ते गार अन्न सासूबाई खायच्या. "कुनाला सांगू नगंस," असंही म्हणाल्या होत्या. मी सांगितलं नाही, लिहिलं. स्वतःला फसवायला एवढा फरक पुरला.

गुडघे धरलेत, येणार नाही, म्हणाल्या होत्या. आल्या, आणि पुढेच बसल्या. ताटाचा प्रसंग गाळावा असं वाटलं, पण तोंड पाठ केलेलंच बोलत गेलं, "रोज ताट वाढते, रोज देवाला सांगते, त्यांना लवकर आण." सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

घरी येताना त्यांनी माझा हात धरला नाही, भिंतीला धरून चालल्या. त्या घरात मनातलं बोलणारं माणूस मला एकच होतं, आणि तेच मी चव्हाट्यावर मांडलं होतं.

ओट्यावर सासरे तंबाखू मळत बसले होते. आम्ही आत गेलो. सासूबाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"चुकलीस तू."

"आई, मला माफ करा. मी तुमचं ताट..."

"ताट खरं हाय." त्यांनी दाराकडे बघत आवाज आणखी खाली आणला. "देवाला मी म्हनायची, त्यास्नी तिकडंच ठेव. सहा वर्सं म्हनले. पुढल्या बारीला तसं म्हन."

बाहेर सासरे खाकरले. सासूबाईंनी झटकन ताट घेतलं आणि भाकरी वाढायला लागल्या.