"मदत न्हाई लागत आम्हाला"

किस्से मुद्दाम कुणी साठवत नाही. कपाटातल्या कापडी पिशव्यांसारखे ते आपोआप साठतात. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. देगलूरला आम्ही चार निवृत्त मास्तरांनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन मदत करण्याचं छोटं काम सुरू केलं. प्रत्यक्ष जाणारी माणसं दोनच, कालिंदा आणि बालाजी. आंघोळ घालणं, चालवणं, गोळ्या देणं हे सगळं ते दोघं करतात. मी मानसशास्त्राचा प्राध्यापक, वर डॉक्टरेट, म्हणून त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी नक्की काय शिकवलं, हे मला अजून कळलेलं नाही.

तेव्हा सुमित्राअक्कांची काळजी सगळ्यात मोठी होती. खुब्याचं हाड मोडून जोडलेलं, घरात एकट्या. पुण्याच्या मुलानं सांगून टाकलं होतं, "दिवाळीपर्यंत आईनं बाई ठेवून घेतली तर ठीक, नाहीतर मी तिला घेऊन जाणार." अक्कांना देगलूर सोडायचं नव्हतं. आणि बाईही नको होती.

*

मी पहिला धडा दिला : माणसाला आदरानं विचारावं, "तुम्हाला मदत हवी आहे का?"

दोघं आठवडाभर विचारत फिरले. सगळीकडे एकच उत्तर, "न्हाई लागत आम्हाला." एका काकूंनी तर बाई येणार म्हणून आदल्या दिवशीच घर झाडलं, भांडी घासली, चादरी धुतल्या आणि कालिंदाला म्हणाल्या, "बघ गं, काही राहिलंय का?"

कालिंदा मला म्हणाली, "सर, तुमचा प्रश्न लई चांगला हाय. फक्त तो विचारायचा नसतो."

मी ते वहीत लिहून घेतलं.

*

खंडेराव हे एसटीचे जुने ड्रायव्हर. गुडघे गेलेले. खुर्चीत बसताना मागचा अंदाज येत नसे, दोनदा खाली आपटले होते. तरी बालाजीला अंगाला हात लावू देत नसत. "घाटात गाडी उतरवलीय मी. आता खुर्चीत बसवायला माणूस पायजे व्हय मला?"

एके दिवशी बालाजी खुर्चीच्या मागे जाऊन उभा राहिला. खुर्चीच्या पाठीवर थाप मारली आणि कंडक्टरच्या आवाजात सुरू केलं, "येऊ द्या... येऊ द्या... जरा डावीकडं घ्या... येऊ द्या... बस्स!"

खंडेराव मागे न बघता एकेक पाऊल मागे येत गेले आणि बरोबर खुर्चीत बसले.

मी कोपऱ्यात निरीक्षणाची वही घेऊन उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून बालाजीला विचारलं, "यांचं तिकीट काढलं का?"

*

अक्कांकडे मात्र काही हलेना. कालिंदा रोज सकाळी त्यांच्या पुढच्या दारात उभी राही. अक्का रोज तिला कुंकू लावत, खुर्चीवर बसवत आणि स्वतः वॉकर सरकवत स्वयंपाकघरात जाऊन तिच्यासाठी चहा करून आणत. कालिंदानं एकदा कप विसळायला घेतला, तर म्हणाल्या, "ठेव खाली. आल्यागेल्याकडून कप धुऊन घेतो का आम्ही?"

म्हणजे आमच्या मदतीमुळे त्या माउलीचं एक काम वाढलं होतं. मला रात्रभर झोप नाही.

*

आमच्या यादीतल्या एका म्हाताऱ्या गुरुजींना दिसायचं बंद होत आलं होतं, पण ते कबूल करत नसत. त्यांनी कालिंदाला समोर बसवून सांगितलं, "तुझं वाचन कच्चं दिसतंय. रोज एक पान वाचून दाखवत जा."

कालिंदा बी.ए. आहे. ती पेपर वाचू लागली, मग पत्रं, मग गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं. मला राहवेना. म्हटलं, "अगं, तुझं शिक्षण त्यांना सांगायला हवं."

"नका ना सांगू सर. माझी शाळा बंद पाडता काय?"

चार महिन्यांनी गुरुजींनी आम्हाला निरोप धाडला : पोरगी सुधारते आहे, पण गोळ्यांच्या नावांना अजून अडखळते. एवढ्यात बंद करू नका.

*

दिवाळी आठ दिवसांवर आली. माझा धीर सुटला. मी अक्कांच्या मुलाला फोन करून सांगितलं, "आमच्याकडून जमलं नाही. तुम्ही त्यांना घेऊन जा." फोन ठेवल्यावर कालिंदाला हे कळवायचीही मला लाज वाटली.

त्याच आठवड्यात कधीतरी कालिंदानं पुढच्या दारानं जाणं सोडलं होतं. डोक्यावर पदर घ्यायचा, चपला मागच्या दाराशी काढायच्या, आणि "आत्याबाई, पाणी ठेवते," म्हणत थेट आत जायचं. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

रविवारी मुलगा आणि सून मोठी बॅग घेऊन आले. त्यांनी मलाही बोलावलं होतं. अक्का पलंगावर बसलेल्या. केस मोकळे, आंघोळ झालेली नाही. सून दोनदा म्हणाली, "आई, मी घालते ना आंघोळ."

"नको बाई. तू बस."

दहा वाजले, साडेदहा झाले. मुलगा घड्याळाकडे बघून म्हणाला, "सर, बघितलंत ना? अजून कुणी आलं नाही. माणसांवर भरवसा ठेवायचा तो असा. आई, चल, कपडे काढ कपाटातले."

अक्का जागच्या हलल्या नाहीत. मी मान खाली घालून बसलो होतो. मुलानं स्वतःच कपाट उघडलं आणि दोन लुगडी बॅगेत ठेवली.

तेवढ्यात मागची कडी वाजली. मुखेडकडची एसटी वाटेत बंद पडली होती. कालिंदा पदर सावरत, धापा टाकत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

अक्कांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ही काय यायची वेळ झाली गं? सकाळपासून पाव्हणे येऊन बसलेत, त्यांना चहा न्हाई का पाणी न्हाई! जा, आधी माझ्या आंघोळीचं बघ. आणि ती लुगडी परत कपाटात ठेव, पाव्हण्यांच्या बॅगेत गेलीत."