नळीतून प्रभुभोजन

डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता सुनेला सांगितलं, "अन्ननलिकेचा कॅन्सर आहे." मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. म्हटलं, "गळा माझा हाय. मला सांगा." मग ते माझ्याकडे वळले आणि तेच पुन्हा मोठ्यानं बोलले, जणू मी बहिरी आहे.

सुरुवात भाकरीनं झाली होती. घास छातीत अडकायचा, पाणी प्यायलं की उतरायचा. मग भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, मग नुसतं दूध, मग दूधही परत यायला लागलं. मी पित्त समजून कितीतरी महिने घालवले. तुम्ही घालवू नका.

बीडला एंडोस्कोपी केली, म्हणजे घशातून कॅमेऱ्याची नळी आत घालून बघितलं. बायोप्सी केली, म्हणजे आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत मी बाकड्यावर बसून प्रार्थना करत होते. रिपोर्ट जो यायचा तोच आला.

ऑपरेशनची वेळ गेली होती. रेडिएशन, म्हणजे किरणांचा शेक, दिला. गळ्याची आग झाली, रस्ता मोकळा झाला नाही. शेवटी गॅस्ट्रोस्टॉमी केली. पोटाला भोक पाडून नळी बसवतात आणि सिरिंजनं तिच्यात पातळ अन्न सोडतात. "तोंडानं काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतेल," डॉक्टर म्हणाले.

मी वडवणी तालुक्यातल्या एका लहान ख्रिस्ती मंडळीची वडील होते. वडील म्हणजे चर्चचा कारभार बघायचा, आजाऱ्यांकडे जाऊन प्रार्थना करायची. आमची निम्मी माणसं ऊसतोडीला जातात, चर्चला कुलूप नको म्हणून गावात राहणारं कुणीतरी लागतं. म्हणून चौथी शिकलेल्या बाईला वडील केलं. गुडघे गेले तेव्हा ते काम मी मंडळीतल्याच शमुवेलकडे सोपवलं.

पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा बीडहून येतात आणि प्रभुभोजन देतात. पावाचा तुकडा आणि मनुका उकळून केलेला रस. हे प्रभूचं शरीर आणि रक्त, असं आम्ही मानतो. जो ते घेतो तो मंडळीतला. मला एवढंच धर्मज्ञान आहे आणि ते मी कधी सोडलं नाही.

शमुवेलनं माझ्या डोक्याला तेल लावून प्रार्थना केली. तसं मीही कितीकांना लावलं आहे. काही बरे झाले, काही गेले. माझा गळा होता तसाच राहिला. देवाला कारण विचारलं, उत्तर आलं नाही. आलं असं खोटं कशाला लिहू?

नळी बसल्यावर पहिल्यांदा चर्चला गेले. ताट फिरत आलं आणि शमुवेल माझ्यापुढून तसाच पुढं गेला. मी त्याची बाही धरली.

"मी मेले का रे?"

"तसं न्हाई आजी. तुमाला खाता येत न्हाई, उगं जीव कावून दुखवायचा म्हणून..."

उपासना झाल्यावर पाळकसाहेब जवळ आले. "मावशी, विश्वासानं मनात घेतलं तरी देव मान्य करतो."

"मग तुमी समदे तोंडानं कावून खाता?"

ते म्हणाले, "बरं, नळीतून घ्या." शमुवेलला ते पटलं नाही. नळीतून जातं ते खाणं म्हणायचं का औषध, असं तो बोलला. पोटात जातं ते खाणं, मी म्हटलं.

सुनेनं, मार्थानं, पाव रसात कुस्करला. "आत्या, गाळून घेते."

"प्रभूचं शरीर गाळतीस व्हय?"

तिनं न गाळता सोडलं. नळी तुंबली. त्यानंतर दूध जाईना, पाणी जाईना. मुलगा ट्रॅक्टर घेऊन कारखान्याच्या उसाच्या फडावर होता. दुसऱ्या दिवशी मार्थानं मला एसटीनं बीडला नेलं. तोवर जीभ टाळूला चिकटली होती.

डॉक्टरांनी विचारलं, "काय घातलं होतं?"

"प्रसाद," मार्था म्हणाली, त्यांना कळावं म्हणून.

"प्रसाद न्हाई, प्रभुभोजन," मी म्हटलं.

"आजी, नळीला दोन्ही सारखंच."

कोमट पाण्यानं नळी मोकळी झाली नाही. नवीन बसवायची ठरली. बाहेर बाकड्यावर बसले होते तेव्हा मला वाटलं, देवानंच मला पंगतीतून उठवलं. आयुष्यभर त्याच्या मेजाची सेवा केली आणि त्याचाच तुकडा माझ्या पोटात जाईना. त्या दिवशी प्रार्थना केली नाही. करावीशी वाटली नाही. विश्वास ठेवणाऱ्या माणसावर अशीही वेळ येते, आणि पाळक ती व्यासपीठावरून सांगत नाहीत.

ज्यांना अशी नळी आहे त्यांनी सगळं बारीक फडक्यानं गाळून घ्यावं. आधी आणि नंतर कोमट पाणी सोडावं. काहीही असो, गाळावं.

मार्था रोज हे करते. पेज, डाळीचं पाणी, ताक. तिला म्हटलं, सिरिंज भरताना देवाचे आभार मानत जा. ती म्हणाली, "तुमीच माना. माझे हात गुंतलेत." तेव्हापासून मी मानते. आधी देवाचे मानत होते, आता कधी कधी नुसते तिचेच मानते. देवाला राग येत असेल तर त्यानं सांगावं.

पुढच्या महिन्यात ताट आलं तेव्हा शमुवेल माझ्यापुढं थांबला. "आजी, कसं करायचं?"

"दे हातात."

तुकडा हातात घेतला. सगळ्यांनी खाल्ला, मी धरून बसले. मग तो मार्थाला दिला. "माझ्या वाटणीचं तू खा."

"आत्या, माझं खाऊन झालं की."

"खा."

पाळकसाहेब बघत होते. हे शास्त्रात बसतं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, त्यांनीही टोकलं नाही.

मार्थानं तुकडा तोंडात टाकला. मी तिच्या गळ्याकडे बघत राहिले. सहज खाली गेला.