काळीज डॉक्टरचं, कातडं माझं

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या समस्त खाजऱ्या जनतेला अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं, की डिंगोऱ्याच्या घोंगडीआत्याचा दवाखाना कायमचा बंद झालेला आहे. अंगावर पित्त उठलेल्यांनी आपापली सोय पाहावी. लग्नसराईत ताव मारणाऱ्यांनी विशेष जपून राहावं. दुसऱ्या दिवशी लालबुंद चट्टे घेऊन, दोन्ही हातांनी पाठ ओरबाडत ज्या दारात ते उभे राहत, त्या दारात आता आत्या नाही. दवाखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली. पण रीतसर सूचना कुणी दिली नव्हती, म्हणून मी देतोय.

घोंगडीआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. दिली डिंगोऱ्यात. सासरी पूर्वी मेंढरं होती. पुढं मेंढरं गेली, शेती राहिली आणि सासऱ्याच्या शेवटच्या कळपाच्या लोकरीची एक काळी घोंगडी राहिली. या घोंगडीवर आत्याची सगळी प्रॅक्टिस. अंगावर पित्ताच्या गांधी उठलेला माणूस आला, की आमसुलाचं पाणी त्याला चोळायचं, वरून घोंगडी गच्च लपेटायची आणि ओट्यावर बसवून ठेवायचं. घोंगडी अशी खरबरीत, की आतला माणूस थोड्या वेळानं खाज विसरून घोंगडीलाच शिव्या घालायला लागायचा. "शिव्या आल्या की समजायचं, उतार पडला," आत्या सांगायची. लहानपणी मी तिचा कायमचा पेशंट होतो. शिव्या मी तिथंच शिकलो. त्याबद्दल आईनं आत्याला कधी माफ केलं नाही.

आत्याचे यजमान म्हणजे आमचे मामा. सहा फूट उंच, गलमिशा, आणि सगळ्या आयुष्यात मिळून एकच वाक्य: "तिला इचारून सांगतो." बैल विकणार का? तिला इचारून सांगतो. जेवणार का? तिला इचारून सांगतो. एकदा मतदारयादीवाला दारात येऊन म्हणाला, "मामा, वय किती लिहू?" मामांनी आत तोंड वळवलं आणि म्हणाले, "जरा थांबा. तिला इचारून सांगतो." सगळं गाव यावर हसायचं. मी तर मामांची नक्कल करून लग्नांत टाळ्या मिळवायचो. मामाही हसायचे. अर्थात आधी आत्याकडं बघून.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला आत्याच्या छातीत, तिच्याच शब्दांत, "डालीखालचं कोंबडं फडफडाया लागलं." डाल म्हणजे कोंबडी झाकायची टोपली. मध्येच फडफड, मध्येच शांत, आणि डोळ्यांपुढं अंधारी. मी तिला मंचरला हृदयाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी छातीला तारा लावून लांबलचक पट्टी काढली, दोनदा पाहिली आणि समजावून सांगितलं, की ठोके ताल सोडतायत, तो ताल धरून ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागेल, चुकवायची नाही. आत्यानं गोळी डोळ्यांजवळ धरून पाहिली. "येवढीशी? आन ही माझं कोंबडं धरनार?" म्हणाली.

गोळीनं खरोखरच धरलं. फडफड थांबली. आत्या पुन्हा शेळ्यांमागं डोंगर चढायला लागली. पण थोड्याच दिवसांत तिच्या पोटावर, मांड्यांवर चट्टे उठायला लागले. मी गेलो तेव्हा बाईसाहेब स्वतःच्याच दवाखान्यात दाखल, घोंगडीत गुंडाळून ओट्यावर बसलेल्या. म्हटलं, "आत्या, डॉक्टरांना सांगूया का?"

"त्यांना कशाला?" ती म्हणाली. "काळीज डॉक्टरचं, कातडं माझं. त्यांच्या कामात मी हात घालते का?"

वाटणी इतकी स्वच्छ होती, की मलाही पटली. मंचरच्या पुढच्या फेरीत डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, गोळीनं काही त्रास?" आत्यानं पदर सारखा केला. "काय बी न्हाई," म्हणाली. तिच्या लेखी ते खोटं नव्हतंच. विचारणारा काळजाचा डॉक्टर, आणि काळीज तर झकास चाललं होतं.

पुढं आळेफाट्याला एका लग्नात मी पंगतीत वाढत होतो. आत्या मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. मला बघून काहीतरी बोलली, पण बोबडं. जवळ जाऊन पाहिलं, तर खालचा ओठ सुजून पुढं आलेला, एक डोळा मिटत चाललेला. "जीभ जड झाली," असं काहीतरी म्हणाली. शेजारची बाई आमसूल शोधायला मुदपाकखान्याकडं पळाली. मामांना म्हटलं, जीप काढतो, मंचरला नेऊ. मामा सवयीनं आत्याकडं वळले, आणि पहिल्यांदाच आत्याला उत्तर देता येईना. तिचा घसा घरघरत होता. मामांनी तिला लेकरागत उचललं आणि जीपमध्ये बसले.

डॉक्टरांनी हात लावण्याआधीच ओळखलं. इंजेक्शनं दिली, नाकाला ऑक्सिजन लावला, ती गोळी त्याच मिनिटाला बंद केली. सूज उतरल्यावर तिच्या खाटेवर बसून त्यांनी सांगितलं, "मावशी, हे पित्त तुमच्या घोंगडीतलं नव्हे. ही त्या गोळीची ॲलर्जी. नवं औषध सुरू झाल्यावर अंगावर चट्टे उठले, खाज सुटली, तर मला लगेच कळवायचं. आणि ओठ, जीभ सुजली, श्वास अडकायला लागला, तर फोनही करत बसायचं नाही, जवळ असेल त्या दवाखान्यात तडक जायचं. आता दुसरी गोळी देतो. पण एक ध्यानात ठेवा. नुसती खाज आली म्हणून ती आपल्या मनानं सोडायची नाही. विचारायचं. गरज पडली तर मी बदलून देईन. ठोक्याची गोळी अशी एकाएकी सोडली, तर ठोके पुन्हा उधळतात."

आत्यानं सगळं ऐकलं. मान डोलावली. तिच्या मानेला मात्र पहिला भागच पोचला, हे आम्हाला कुणालाच कळलं नाही.

त्या दिवसापासून तिचा दवाखाना बदलला. त्या वैरीण गोळीचं रिकामं पाकीट तिनं बटव्यात सुपारीशेजारी ठेवलं. कुठल्याही दवाखान्यात गेली, की आधी ते पाकीट टेबलावर आपटायची. "ही माझी सवत. हिला माझ्या घरात घ्यायचं न्हाई." दाताच्या डॉक्टरला दाखवलं, डोळ्यांच्या शिबिरात दाखवलं. शेळीला टोचायला आलेल्या माणसालाही दाखवलं. त्या बिचाऱ्यानं ते दोन्ही बाजूंनी नीट वाचलं.

आणि दारात पित्ताचा पेशंट आला, की घोंगडी हातात घेऊन ती अर्ध्यातच थांबायची. "आधी सांग, नवं काय खाल्लं? गोळी? सुई?" मढचा एक गडी कंबरदुखीची गोळी खाऊन डोळा सुजवून आला होता. आत्यानं त्याला ओट्यावर बसूच दिलं नाही. "घोंगडी मिळायची न्हाई. ओतूरच्या दवाखान्यात जा, आत्ताच्या आत्ता."

"आवं आत्या, येवढ्या लांबून आलोय राव," तो कळवळला.

"मग आनखी थोडं लांब जा. वाटंत मेलास तर घोंगडीचं नाव खराब हुईल."

तो रागानं गेला. जीव वाचल्यावर कोंबडी घेऊन परत आला. आत्यानं ती कोंबडी कापली नाही, पाळली. डालीखाली फडफडायला लागली की म्हणायची, "बघा, माझं काळीज भाईर काढून ठेवलंय."

इथवरची गोष्ट मी मांडवात, पारावर, एसटीत, कुठंही सांगतो, आणि लोक पोट धरून हसतात. पुढची सहसा सांगत नाही.

दुसरी गोळी आत्याला छान मानवली. काही वर्षं गेली. दोन हजारनंतरच्या एका सुगीत बाजरीची मळणी चालली होती. आत्या दिवसभर खळ्यावर. बाजरीची कूस, म्हणजे कणसाचं बारीक टोचरं तूस, मानेवर, दंडावर बसली आणि खाज सुटली. खळ्यावरच्या सगळ्याच बाया खाजवत होत्या. पण आत्यानं आपल्या दंडावरचे चट्टे पाहिले आणि निदान केलं. "हीबी सवतच निघाली."

गोळी त्याच संध्याकाळी बंद. आमसुलाचं पाणी चोळलं, घोंगडी लपेटली. कूस धुऊन गेली, खाज उतरली. आत्याला पुरावा मिळाला. घरात तोवर फोन आला होता. कोनाड्यात, देवाच्या तसबिरीखाली, जाळीचा रुमाल घालून ठेवलेला. तो उचलून मंचरला विचारायचं तिच्या मनात आलं नसावं. कातडं तिच्याकडं होतं ना.

मामांनी विचारलं होतं. हे त्यांनी मला पुढं सांगितलं. "म्हनलं, डॉक्टरला फोन लावू का. ती म्हनली, नगं." मामांच्या आयुष्यात "ती म्हनली" यानंतर पुढचं वाक्य कधी नव्हतंच.

आठवड्याच्या आतच आत्या शेळ्यांचं पाणी भरताना कोसळली. मंचरला पोचेपर्यंत श्वास होता, ओळख नव्हती. पट्टी काढली. डॉक्टरांनी ती या वेळी एकदाच पाहिली. बाहेर येऊन मामांना विचारलं, "बाबा, गोळी चालू होती ना? की बंद केली होती?"

मामांचं तोंड उघडलं. नजर सवयीनं, आत्या ज्याच्या आत होती त्या काचेच्या दाराकडं गेली. मग खिशातून त्यांनी गोळ्यांचं पाकीट काढून दिलं, जवळजवळ भरलेलं. डॉक्टरांनी दोष कुणालाच दिला नाही. पाकीट हातात धरून एवढंच म्हणाले, "खाज आली, तेव्हा एक फोन यायला हवा होता." दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या गेली.

कुणीतरी सुचवलं, घोंगडी तिच्या अंगावर घालू, तिच्याबरोबर जाऊ दे. मामांनी नकारार्थी मान हलवली. ती घोंगडी पुन्हा ओट्यावरच्या दांडीवर टाकून ठेवली.

दहाव्याला नदीकाठी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं प्रवचन झालं, भाषणं झाली. एका पुढाऱ्यानं आत्याला "आरोग्यसेविका" म्हटलं. आत्या ऐकत असती तर तिनं त्याला घोंगडीत घातलं असतं. दुपारी घरी आलो. अंगणात सतरंज्यांवर पाहुणे दाटीवाटीनं बसलेले, मामा ओट्यावर भिंतीला टेकलेले. दहा दिवसांत ते कुणाशी एक शब्द बोलले नव्हते.

तेवढ्यात फाटकातून एक बाई आत आली. मढच्या बाजूची. तिला कुणी काही कळवलेलं नव्हतं. दोन्ही दंडांवर गांधी उठलेल्या, खाजवून रेघा पडलेल्या. एवढी माणसं बघून दारातच थबकली. "आत्या हाईत का?" तिनं विचारलं.

मी, एरवी कुठंही तोंड घालणारा, सतरंजीचे धागे ओढत बसलो. मामाच उठले. दांडीवरची घोंगडी काढून दोन्ही हातांत धरली, तिच्यापुढं गेले आणि अर्ध्यातच थांबले.

"नवं काय खाल्लं?" मामांनी विचारलं.

"दात काढला वो मामा. त्याची गोळी दिलीय, कालपास्नं."

मामांनी तिच्या ओठांकडं पाहिलं. दंडांकडं पाहिलं. हातातल्या घोंगडीकडं पाहिलं. मग तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडं वळवून, अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"जरा थांबा बाई. तिला इचारून सांगतो."