माहेरची पोती आणि मागचं माउंटिंग

लेकीचं माहेराशी असलेलं नातं कशानेच तुटत नाही, असं आमच्या भागात लग्नामध्ये ज्याच्या हातात माइक येतो तो सांगतो. माझं नातं कुठे तडकलं, ते मी बोट ठेवून दाखवू शकते. माझ्या गाडीच्या डिक्कीतला गालिचा उचलायचा, उजव्या शॉकअपचं वरचं टोक पत्र्याला जिथे धरलेलं असतं त्या माउंटिंगपाशी बघायचं.

मी नांदेडला राहते. माहेर शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावात. गाडी जुनी, माझ्याकडे आली तेव्हाच ती दुसऱ्या कुणाचीतरी हौस फेडून आलेली होती. वर्षभर ती मला कॉलेज ते घर एवढंच फिरवायची. मोठा प्रवास एकच, ज्वारीची रास झाली की गावी. सुगीला आलेल्या बहिणीला मोकळं पाठवायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. रीत चांगली आहे. तिच्यात बहिणीला किती द्यायचं ते भाऊ ठरवतो, आणि किती दिलं ते गाव ठरवतं.

वडील गेले तेव्हा सात-बाऱ्यावर दादाच्या नावाखाली माझंही नाव लागलं. कायद्यानेच लागलं, कुणी हौसेने लावलं नव्हतं. मी आयुष्यभर विनाअनुदानित कॉलेजात इतिहास शिकवला. अशा कॉलेजात निवृत्तीच्या वेळी शाल मिळते, पेन्शन मिळत नाही. नवरा गेलेला, घर भाड्याचं. माझ्या नावाने जगात जे काही होतं ते त्या उताऱ्यावरची एक ओळ आणि ही गाडी. त्या ओळीबद्दल मी कधी बोलले नव्हते, दादाही बोलला नव्हता. आम्ही पोत्यांबद्दल बोलायचो.

पोती भरून झाली की दादा माझ्या शेजारी बसून वेशीपर्यंत यायचा. वाटेत मारुतीचा पार लागतो. तिथे तो म्हणायचा, "हळू घे." गाडी मागून बसलेली, पुढून नाक वर केलेली, सायलेन्सर जमिनीला टेकायच्या बेतात. पारावरची मंडळी आधी मागची चाकं बघायची, मग आमच्याकडे.

"काय मालक, खळं झाडून दिलं का बहिणीला?"

"बहिणीचंच हाय की सगळं," दादा काच खाली करून म्हणायचा.

वेशीबाहेर तो उतरायचा. पुढचा सगळा रस्ता मी सायलेन्सर घासत नांदेड गाठायची.

एका वर्षी सायलेन्सर गळूनच पडला. नांदेडच्या गॅरेजवाल्याने गाडी वर घेतली. हा मिस्त्री गाडीपेक्षा गाडीवाल्याला जास्त झापतो, आणि त्याचं गिऱ्हाईक त्यामुळेच वाढलेलं आहे.

"मॅडम, ही कार हाय का छोटा हत्ती?"

"माहेरचं धान्य असतं."

"मग माहेरला सांगा, ट्रक घेऊन द्या म्हणून." त्याने मागच्या स्प्रिंगांच्या वेढ्यांमध्ये जाड रबरी कड्या बसवल्या. "आता बिनधास्त भरा. मागून बसणार न्हाई."

त्याचं म्हणणं खरं ठरलं. पुढच्या सुगीला नेहमीएवढी पोती डिक्कीत गेली आणि गाडी होती तशीच सपाट उभी राहिली. दादा मागे गेला, बाजूने वाकून पाहिलं, वहिनीला बोलावून दाखवलं.

"हे काय गं? काहीच भरलं न्हाई असं दिसायलंय."

"रबर बसवलंय," मी म्हटलं.

"रबर तुला माहीत. पारावरच्यांना काय माहीत?"

त्याने तुरीचं पोतं आणायला लावलं. गाडी हलली नाही. मग हरभऱ्याचं. मी नको म्हणत होते. पण माहेरी नको म्हणणं हा देण्याच्या रीतीचाच एक भाग असल्यामुळे ते कुणी ऐकत नाही. आणखी एक ज्वारीचं पोतं, त्यावर वहिनीने भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं दाबून बसवलं, आणि मग कुठे गाडीने मागून मान टाकली.

"आता बरं दिसतंय," वहिनी म्हणाली.

डिक्की दोघांनी मिळून बंद केली. दादाने हात झटकले आणि त्याच दमात सांगितलं, "बाई, सोमवारी शिरूरला रजिस्ट्री हाय. आधार कार्ड घेऊन ये. तुझी एक सही पायजे."

"कशावर?"

"हक्कसोडीवर. तुझा हिस्सा माझ्या नावानं लिहून द्यायचा. सगळ्या बहिणी देत्यात. तू शिकलेली, तुला काय सांगायचं."

"विचार करून सांगते."

"विचार?" तो हसला. "डिक्की भरून घेताना केलास का विचार?"

वहिनीने माझ्या कपाळाला कुंकू लावलं नाही, कारण मी विधवा आहे. नारळ दिला. पारासमोर दादा "हळू घे" म्हणाला. मी हळू घेतली.

चाकूर सोडलं तेव्हा मागून टक टक सुरू झालं. अहमदपूरनंतर प्रत्येक गतिरोधकावर कुणी आतून हातोडा मारावा तसं वाजायला लागलं. लोह्याच्या पुढे गाडी उजवीकडे ओढ घेऊ लागली. मी बैलगाडीच्या वेगाने नांदेडला पोचले आणि घरी न जाता थेट गॅरेजात गेले.

पोती उतरवून मिस्त्रीने गालिचा उचलला. खाली सांडलेली ज्वारी, पावसाच्या पाण्याचा गंज, आणि शॉकअपच्या बोल्टभोवती पत्र्याला अर्धगोल चीर. बोट लावलं की तो तुकडा हलायचा.

"रस्तेच तसले," तो म्हणाला.

"रबर तुम्ही घातलं होतं."

"रबर गाडीसाठी होतं मॅडम. तुमच्या भावासाठी नव्हतं." पण जरा वेळाने त्याने कारणही सांगितलं. स्प्रिंग दबत नाही म्हटल्यावर खड्ड्याचा सगळा दणका वर पत्र्याला बसतो. गाडी आधी मागून बसायची, ते बरं होतं. ती भार सांगत होती. रबराने तिचं सांगणं बंद केलं.

काम त्याने नीट केलं. गंज घासून काढला, चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग वेल्डिंग, त्यावर चिरेच्या बरीच बाहेर जाणारी जाड पत्र्याची पट्टी, वरून गंज न धरणारा रंग. डावी बाजू चिरली नव्हती, तिलाही पट्टी दिली. दोन्ही शॉकअप बदलले, रबरी कड्या काढून कचऱ्यात टाकल्या. पावसाळा संपला की गालिचा काढून बघायचं, पाणी साचू द्यायचं नाही, असं बजावलं. "आणि पोती टेम्पोनं मागवा."

मी दादाला तसा फोन केला. निदान तेवढ्यापासून सुरुवात करावी म्हणून.

"टेम्पोनं पाठवायला तू काय दुकानदार हायस का?" तो म्हणाला. "बहिणीनं येऊन न्यायचं असतं. लोकांनी बघायला पायजे."

"गाडी चिरलीय दादा."

"मग सोमवारी एसटीनं ये."

"मी सही करणार नाही. माझं नाव राहू दे."

पलीकडे त्याने कुणालातरी मोटार बंद करायला सांगितलं.

"म्हंजी वाटणी पायजे तुला."

"नाव राहू दे म्हटलं."

"एकच हाय ते. एवढं भरभरून दिलं, ते काय कमी पडलं?"

मी त्याला विचारू शकले असते, की ज्या जमिनीत माझा हिस्सा आहे तिथली ज्वारी तू मला दिलीस म्हणजे नेमकं काय दिलंस. फोन त्यानेच ठेवला.

नंतरच्या सुगीला बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्याही. पुतण्याचं लग्न लातूरला झालं, ते मला कॉलेजातल्या एका शिपायाकडून कळलं. तो आमच्या गावाकडचा, त्याला आमंत्रण होतं. उताऱ्यावर माझं नाव अजून आहे. शेत दादाच करतो.

मिस्त्री दरवर्षी पावसाळा संपला की गालिचा उचलून आपल्या वेल्डिंगकडे कौतुकाने बघतो. "बघा मॅडम, केसभर हललं न्हाई. असं काम नांदेडात दुसरं कुणी करून दाखवावं."

डिक्कीत आता फक्त स्टेपनी असते.