हसिनाच्या नावाचा रेडिओ

पौडच्या स्टँडसमोर माझं चहाचं दुकान, आन् लागूनच्या खोलीत पीरभाईचे रेडिओ. पीरमहंमद त्याचं नाव, रेडिओ दुरुस्तीचा धंदा. लोकांनी नवे ट्रान्झिस्टर घेतले तशी जुनी लाकडी खोकी त्याच्याकडंच टाकली. त्यानं ती पुसून फळ्यांवर मांडली. मुळशीचं धरण बघायला निघालेल्या गाड्या माझ्याकडं चहाला थांबायच्या, त्यातली माणसं रेडिओ बघून जायची. पीरभाई त्याचं काही घ्यायचा न्हाई. येडाच व्हता.

वाजणारा सेट एकच, त्याच्या बायकोचा. हसिना गेल्यापासनं तो सकाळीच बारीक आवाजात लावून ठेवायचा. आन् त्याच्यापायीच जिवाला घोर. तवा रेडिओला लायसन लागायचं, दरसाली पोस्टात जाऊन करायचं. ह्या सेटचं लायसन हसिनाच्या नावावर. ते आपल्या नावावर करायचं म्हंजे ती मेली असं लिहून द्यायचं. तेवढं त्याच्याच्यानं झालं न्हाई, म्हणून सेट बिनलायसनचाच. मी किती डोकं फोडलं, "आवो, एक सही करा आन् सुटा." तर म्हणायचा, "करतो वैनी, पुढच्या महिन्यात." लायसनचा इन्स्पेक्टर येईल, हसिनाचा सेट उचलून नेईल, ह्या धास्तीनं त्याला अन्न गोड लागंना. रस्त्यावर गाडी थांबली की हा दारात.

त्या दिवशी एक जीप थांबली. सफारी घातलेला माणूस उतरला, काखेत बॅग. जीपचं इंजिन धडधडतच व्हतं. मला विचारतो, "रेडिओवाले इथंच ना? त्यांच्याकडे चालू रेडिओ किती आहेत?" मी म्हटलं, आला इन्स्पेक्टर. मी मुद्दाम मोठ्यानं हाक मारली, "पीरभाई, सायेब आलेत."

बंद सेटला लायसन लागत न्हाई, अशी त्याची समजूत. आतला काचेचा व्हॉल्व्ह, ज्याच्याबिगर सेट वाजत न्हाई, तो काढून खिशात टाकायचा, सायेब गेला की परत बसवायचा, हा बेत कवाच ठरलेला. पण सेट सकाळपासनं चालू, व्हॉल्व्ह तापलेला. तापल्या व्हॉल्व्हला हात लावू नका म्हणून हाच समद्यांवर वरडायचा. माझी हाक ऐकून त्यानं तो तसाच उपसला, बोटं पोळली, व्हॉल्व्ह फरशीवर पडला आन् चुरा झाला. तसला व्हॉल्व्ह तवा पुण्यातबी मिळत न्हवता.

सफारीवाला आत गेला, मीबी मागनं गेले. पीरभाई काचांवर चप्पल ठेवून उभा. "एकबी चालू न्हाई सायेब," म्हणाला.

"अरेरे," तो माणूस म्हणाला. "वडील जीपमध्ये बसलेत. त्यांना दिसत नाही. जुन्या रेडिओचा आवाज एकदा ऐकायचा होता त्यांना."

कसला इन्स्पेक्टर न् कसलं काय. लई राग आला मला, पण कुणावर काढायचा? म्हातारबाबा लेकाचा हात धरून आले, हसिनाच्या सेटवरनं हात फिरवला, बटणं पिळून बघितली. मग चहा पिऊन गेले.

मी पीरभाईच्या बोटांना खोबरेल आणून दिलं. म्हटलं, "जाऊ द्या. सेट तर ऱ्हायला घरात."

तो खाली बसून काचा येचत व्हता. "नेला असता तरी चाललं असतं वैनी," म्हणाला. "कुटंतरी वाजत तरी ऱ्हायला असता."